पलीकडून आलेले दात

३ मार्च

डॉक्टरांनी सांगितलं, मनातलं कागदावर उतरवत जा, रक्तदाबही उतरेल. ही त्याच दिवशी वही घेऊन आली. म्हणाली, "आता जेवताना जे बोलता ना, ते यात लिहा." जेवताना शांतताच हवी असेल तर पहिली वही तिच्या वडिलांना द्यायला हवी होती.

सासरे आमच्याकडेच असतात. आयुष्यभर त्यांनी बसस्थानकावर गाड्या पुकारल्या. त्यामुळे ताटात मीठ हवं असलं तरी ते असं मागतात, की चुकून एखादा प्रवासी धावत यावा. त्यांची कवळी माझ्याच हातची. आता जुनी झाली, सैल झाली, बोलताना टकटक वाजते.

"जावईबापू, नवी कधी?"

"पुढच्या महिन्यात, बाबा."

हे आमच्यात रामरामासारखं झालं आहे.

आज बातम्यांत कसल्याशा व्यापार करारावर सह्या होताना दाखवल्या. दोन मंत्री हात हातात घेऊन हसत होते. डावीकडच्याचे वरचे चार दात बसवलेले आहेत, आणि रंग एका छटेने चुकला आहे. मी लगेच सांगितलं. ही म्हणाली, "अहो, करारात काय आहे ते तरी ऐका." मी म्हटलं, जहाजं, गहू, मोटारी असलं काहीतरी असणार. आपण कवळ्या करणारी माणसं, आपल्याला कोण विचारतंय?

१० मार्च

विचारलं.

आज कारखान्यात मालकांनी सगळ्यांना मधल्या टेबलाशी बोलावलं. करारात "इतर किरकोळ वस्तू" असं एक सदर आहे, त्यात केसांचे टोप आणि बटणं यांच्या मधोमध दात आहेत. सगळी उमर या कलेत घातली आणि शेजार मिळाला बटणाचा.

प्रकार असा आहे. म्हाताऱ्या माणसांच्या सरकारी आरोग्य योजनेत कवळ्या इथेच करून घ्यायच्या असा नियम होता. करारात तो नियम "व्यापारातला अडथळा" ठरला. म्हणजे अडथळा मी. आता दातांच्या डॉक्टरांनी हिरड्यांचा ठसा घ्यायचा, त्यावरून प्लास्टरचा साचा करायचा, साचा विमानाने समुद्रापलीकडे पाठवायचा. तिकडे कवळी तयार होणार आणि साच्यावर बसून विमानाने परत येणार. आमच्या निम्म्या खर्चात.

मी मोठ्याने हसलो. कवळी म्हणजे काय टोपी आहे? आम्ही आधी मेणात दात लावतो, ते माणसाच्या तोंडात घालून बघतो, त्याला बोलतं करतो, हसवतो. मगच पक्कं करतो.

"मेणाची फेरी रद्द," मालक म्हणाले. "साचा दोनदा समुद्र ओलांडेल एवढा पैसा नाही योजनेत."

"आणि माणूस हसल्यावर कसा दिसतो, ते?"

"हसणं योजनेत बसत नाही."

मालक विनोद करत नव्हते. त्यांना तो येत नाही.

१४ मार्च

दात बचाव कृती समिती स्थापन झाली. अध्यक्ष मी. चिटणीस पॉलिशबाई. या आमच्याकडे कवळ्यांना चकाकी आणतात आणि बोलतात कमी, त्यामुळे चिटणीसपदाला योग्य. "परके दात घरात नकोत!" ही घोषणा मीच तयार केली. पॉलिशबाई म्हणाल्या, "तोंडात नकोत असं हवं." मी म्हटलं, घोषणेत फार बारकाईने जायचं नसतं.

आरोग्य कार्यालयावर मोर्चा नेला. कार्यालयाला सुट्टी होती. शिपायाने निवेदन घेतलं, बाकाखाली ठेवलं आणि आईची कवळी टोचते म्हणून खिशातून काढून दाखवली. मी तिथेच पायरीवर बसून ती घासून दिली. मोर्चाचं एवढं एक काम झालं.

घरी आल्यावर अंगात जोर होता. जेवणाच्या टेबलावर हात आपटून जाहीर केलं, "या घरात परका दात येणार नाही. आलाच, तर एक तो राहील नाहीतर मी." सासऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या नादात कवळी निसटून आमटीत पडली.

२ एप्रिल

नऊ कारागिरांपैकी सात जण आज गेले. कोणी भांडलं नाही, हेच वाईट. एकाने जाताना आपलं टेबल ओल्या फडक्याने पुसलं. मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो, कारण मला रडू येत होतं, आणि अध्यक्षाने रडायचं नसतं. समिती अर्थातच बरखास्त झाली. सदस्यच उरले नाहीत.

मी आणि पॉलिशबाई राहिलो. मला पद मिळालं: गुणवत्ता समन्वयक. काम: खोकी भरणं आणि खोकी फोडणं. पगाराबद्दल लिहीत नाही, रक्तदाबासाठीच ही वही आहे.

घरी सांगितलं, बढती मिळाली. ही म्हणाली, "अभिनंदन." आणि लगेच ठरवलं, उद्यापासून शेजारच्या मुलींच्या शिकवण्या घ्यायच्या. दुपारचा वेळ जात नाही म्हणते. इतकी वर्षं जात होता, नेमका माझ्या बढतीलाच अडला.

१६ एप्रिल

पलीकडून पहिलं खोकं आलं. पॉलिशबाईंना म्हटलं, "या, चोरांचं काम बघा."

कापसातून कवळ्या काढल्या. एकजात पांढऱ्या, एकजात सरळ, जणू शाळेतली मुलं कवायतीला उभी. माणसाचे दात असे नसतात. मला फार समाधान वाटलं.

पण तळाशी तीन-चार वेगळ्या निघाल्या. पुढचा दुसरा दात किंचित वळवलेला. दिसेल न दिसेल एवढाच, पण त्याने सगळं तोंड जिवंत वाटतं. हे साच्यात पाहून येत नाही, हाताला यावं लागतं. आपल्याकडे ते दोघांना यायचं. त्यातला एक मी.

मी कवळी पुन्हा कापसात ठेवली.

"काय झालं?" पॉलिशबाईंनी विचारलं.

"काही नाही. चोराला हात आहे."

२८ एप्रिल

दातांच्या डॉक्टरीणबाई स्वतः कारखान्यात आल्या. त्यांचा दवाखाना आमच्याच रस्त्यावर, कोपऱ्याला. योजनेतले सगळे म्हातारे त्यांच्याकडेच येतात. बाई रागावल्या की त्यांचा खालचा जबडा पुढे येतो. चावा उत्तम आहे.

"तुमच्या या विमानाच्या दातांनी माझे पेशंट जेवत नाहीत," त्या म्हणाल्या. "हिरड्यांना जखमा होतात. मग दात डबीत आणि पोटात सूप. रिकाम्या पोटी मधुमेहाच्या गोळ्या घेतात आणि चक्कर येऊन पडतात. परवा एक आजी माझ्याच दारात पडल्या."

मी कानस उचलली. मालक आडवे आले. इथे हात लावला की हमी जाते. करारात तसं कलम आहे. दुरुस्ती हवी तर कवळी साच्यासकट पलीकडे पाठवायची आणि वाट बघायची.

"तोवर आजीबाईंनी काय खायचं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"त्याबद्दल कलम नाही," मालक म्हणाले.

दात आहेत तर चणे नाहीत असं म्हणतात. इथे चणे होते, दातही होते, फक्त दोघांची गाठ पडत नव्हती.

कवळी परत पाठवायची तर खरी, पण पलीकडच्या चोराला कसं सांगायचं की कुठे टोचतंय? त्याची भाषा मला येत नाही, माझी त्याला कशी येणार? शेवटी साच्याच्या बुडाशी पेन्सिलीने डावीकडे बाण काढला आणि शेजारी रडणारा चेहरा.

१५ मे

उत्तर आलं! कवळी डावीकडे बरोबर हवी तेवढी घासलेली. माझ्या बाणावर बरोबरची खूण, आणि रडणाऱ्या चेहऱ्याशेजारी एक हसणारा चेहरा. त्याला दातही काढले होते, दुसरा किंचित वळवून.

मी तो साचा पॉलिशबाईंना दोनदा दाखवला. त्या म्हणाल्या, "पहिल्यांदाच कळलं होतं."

आता मी रोज संध्याकाळी डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात जाऊन बसतो. ठसा देणाऱ्याशी गप्पा मारतो, त्याला हसवतो आणि साच्यावर आधीच सगळं काढून पाठवतो. ओठ जाड, हसताना उजवीकडे कलतो, शिट्टी वाजवायची सवय. मेणाची फेरी रद्द केली काय! मी ती पेन्सिलीने सुरू केली. सकाळी येणाऱ्यांचे चेहरे तेवढे मला दिसत नाहीत, तेव्हा मी कारखान्यात असतो. त्यांचं साच्यावरून ओळखतो. हिरडी बघून माणूस ओळखणारा आमच्या धंद्यात माझ्यासारखा दुसरा नाही, हे मी अभिमानाने नाही, खरं म्हणून लिहितो.

२१ मे

घरात चमत्कार. सासरे गप्प आहेत. चार दिवस झाले, एक गाडी सुटलेली नाही. काही विचारलं तर मान हलवतात. तोंडाशी सारखा रुमाल. वयाने शहाणपण येतं म्हणतात ते खोटं नाही, जरा उशिरा येतं इतकंच.

मोरीत डिंकाचा वास येत होता. हिला विचारलं तर म्हणाली, "कपाचा कान तुटला होता, चिकटवत होते." मग बसला का? "नाही बसला." फेकून दे म्हटलं. तिने माझ्याकडे विचित्र नजरेने पाहिलं. एका कपाचं केवढं ते दुःख!

जेवणही बदललंय. रोज मऊ भात, सूप, कुस्करलेला बटाटा. मी तक्रार केली तर म्हणाली, "तुमच्या रक्तदाबासाठी." बायको अशी हवी.

३० मे

सासरे वाळल्यासारखे दिसतात. आज सकाळी ही त्यांना घेऊन डोळे तपासायला गेली. मी म्हटलं, डोळेवाल्यांचा दवाखाना कुठे आहे? म्हणाली, "तुमच्या डॉक्टरीणबाईंच्या जवळच." मी कधी पाहिला नाही.

निघताना सासऱ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू शेवटची गाडी चुकली. मी त्यांची पाठ थोपटली. म्हटलं, "बाबा, बोलला नाहीत तरी चालेल, पण जेवत जा." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. डोळ्यांचाच त्रास असणार.

खरं सांगायचं तर घरात करमत नाही. शांतता हवी हवी म्हणत होतो, आता ती आली तर खायला उठते.

१ जून

आज पाठवायच्या खोक्यात सकाळी येणाऱ्यांपैकी एकाचा साचा होता. योजनेत नावं नसतात, नुसते आकडे. पण काय ती हिरडी! खालची कड घासून घासून खाली गेलेली. पॉलिशबाईंना म्हटलं, "हा माणूस जन्मभर बडबडला आहे. बायको असेल तर बिचारी बहिरी झाली असेल." असा साचा आधीही हाताखालून गेल्यासारखा वाटला, पण बडबडे काय जगात कमी आहेत?

तरी मन लावून काढलं. बुडाशी मोठं उघडं तोंड आणि त्यातून लांब लांब जाणाऱ्या रेघा, म्हणजे आवाज दूर जायला हवा. खालचा भाग पातळ ठेव, जिभेला जागा दे, मागून घट्ट धर. डॉक्टरीणबाई साचे द्यायला कारखान्यात आल्या होत्या, दारातून बघत होत्या. म्हणाल्या, "याच्यावर जास्त वेळ घालवताय?" म्हटलं, हा माणूस गप्प बसला तर मरेल. त्या खूप हसल्या. का, ते कळलं नाही.

आता आमची चित्रं कामापुरती राहिलेली नाहीत. मी पलीकडच्याचं चित्र काढून पाठवतो. टेबलाशी वाकलेला, आणि भरदार मिशा. इतकं चोख काम करणाऱ्याला मिशा असणारच. त्याने उलट माझं चित्र पाठवलं: गोल, आणि डोक्यावर एकही रेघ नाही. मला टक्कल आहे हे त्याला कसं समजलं? पॉलिशबाई म्हणाल्या, "कामावरून कळतं." शेजारी त्याने स्वतःलाही काढलं होतं, मिशांसकट. म्हणजे माझा अंदाज बरोबर होता.

मी त्याला हल्ली चोर म्हणत नाही. 'आमचा पलीकडचा' म्हणतो.

२३ जून

काय सांगू! संध्याकाळी दारात पाऊल टाकलं आणि आतून आवाज आला: "जावईबापू फलाट क्रमांक एकवर येत आहेत! प्रवाशांनी चपला बाजूला काढाव्यात!"

सासरे खुर्चीत ताठ बसून शेंगदाणे खात होते. कडाकडा. टकटक नाही, सैलपणा नाही. आवाज असा, की शेजारच्यांनी खिडकी लावली. मी त्यांना मिठी मारली. आजवर कधी मारली नव्हती. दोघेही अवघडलो.

"बघ," मी हिला म्हटलं, "माझ्या हातची कवळी! इतकी वर्षं झाली तरी अजून कशी वाजते! म्हणजे वाजत नाही. आहे का पलीकडच्यांची छाती असं काम करायची?"

"जावईबापू," सासरे म्हणाले, "एक सांगायचं होतं..."

"बाबा, शेंगदाणे खा," ही म्हणाली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तुमचंच काम आहे. निम्मं तरी."

निम्मं का, हे विचारायचं राहून गेलं. बायकांना नवऱ्याचं पूर्ण कौतुक करवत नाही. पण हसल्यावर सासऱ्यांचा दुसरा दात किंचित वळलेला दिसला आणि मला वाटलं, तरुणपणीसुद्धा काय हात होता माझा!

१७ जुलै

पलीकडून खोकं आलं ते हलकं होतं. चारच कवळ्या. एका साच्यावर चित्र होतं: टेबल, स्टूल. स्टुलावर कोणी नाही. मी म्हटलं, रजेवर गेला असेल.

मी स्टुलावर बसलेला मिशीवाला काढला, शेजारी मोठं प्रश्नचिन्ह, आणि साचा परत पाठवला.

२९ जुलै

प्रश्नचिन्हाचा साचा तसाच परत आला. सोबत छापील चिठ्ठी: कृपया साच्यांवर खुणा करू नयेत, यंत्राला वाचताना अडचण येते.

मालकांना विचारलं. ते खुशीत होते. दुसरा एक करार झालाय, आणखी कोणाशी. काम आता तिसरीकडे गेलं. तिथे यंत्र आहे. लवकरच साचासुद्धा लागणार नाही, डॉक्टरच तोंडात कॅमेरा घालून चित्र पाठवतील आणि कवळ्या थेट दवाखान्यात येतील. मधे आपली गरजच नाही.

"आपली म्हणजे?"

"आपली म्हणजे तुमची," मालक म्हणाले. पुढच्या महिन्यात इथे गोदाम होणार. कसलं, ते त्यांनी सांगितलं. बटणांचं.

"आणि पलीकडचा?"

"कोण पलीकडचा?"

"तो, दुसरा दात वळवणारा. त्याचं नाव, पत्ता?"

मालकांनी कागद चाळले, खरंच चाळले. करारात माणसांची नावं नसतात. मला माझ्या नोकरीपेक्षा त्याचंच जास्त वाटलं. तेव्हा हे मला वेडेपणाचं वाटलं, अजूनही वाटतं, पण वाटलं ते वाटलं.

संध्याकाळी डॉक्टरीणबाईंकडे गेलो, निरोप घ्यायला. त्या म्हणाल्या, "निरोप कसला घेता? यंत्राचे दात टोचायचे थांबणार आहेत का? माझ्या मागच्या खोलीत टेबल टाका. पॉलिशबाईंनाही आणा. हमीबिमी गेली खड्ड्यात, म्हाताऱ्यांना जेवू द्या." दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. दात घासून भरतं का ते बघू.

घरी खरं सांगितलं. बढती संपली. ही म्हणाली, "कधी झाली होती?" आणि माझ्या पानात वाढायला लागली.

३१ जुलै

टेबल आवरत होतो. पलीकडून शेवटचं खोकं आलं, विमानात कुठेतरी अडकून राहिलेलं. आत एकही कवळी नाही. कापूस, आणि कापसात मेण कोरायची सुरी.

आमच्या धंद्यात कारागीर आपली सुरी कोणाला देत नाही, उसनी म्हणूनही नाही. ती हातातल्या हातात घडत जाते, लाकडी मुठीवर अंगठ्याची खाच पडते आणि मग दुसऱ्याच्या हाती ती चालत नाही. सुरी देणाऱ्याला ती पुन्हा लागणार नसते.

मी ती हातात घेतली. अंगठा खाचेत ठेवला तर बसेना. निम्मा बाहेर. फिरवून पाहिली, डाव्या हाताने पाहिली. खाच अरुंद होती, खोल होती, मऊ झालेली होती. कैक वर्षांची असणार.

"बघू," पॉलिशबाई म्हणाल्या.

त्यांनी सुरी घेतली आणि अंगठा ठेवला. तंतोतंत बसला. त्यांनी मूठ आवळली, सोडली, पुन्हा आवळली.

"अहो," त्या म्हणाल्या, "हा बाईचा हात आहे."

मी खुर्चीत बसलो. इतके दिवस मी प्रत्येक साच्यावर तिला मिशा काढत होतो, आणि तिने एकदाही त्या खोडल्या नाहीत.